मदत हवी आहे: साध्या लंबकाच्या आलेखात कुठली राशी कुठल्या अक्षावर?

लोलक
अकरावीच्या प्रॅक्टिकलसाठी विचारतेय. लांबी (एल) आणि २० आंदोलनांना लागलेला वेळ असा:
६० सेंमी – ३१.१ सेकंद
७० – ३३.६
८० – ३५.९
९० – ३८.१
१०० – ४०.१

एका जर्नलमध्ये एल आडव्या अक्षावर आहे, दुसऱ्यात उभ्या. एकाचा चढ ४.०१ येतो, दुसऱ्याचा ०.२५. बरोबर कुठला? आणि एक्सेलमध्ये तिसरंच काहीतरी दिसतंय.

मीटरपट्टी
दोन्ही बरोबर, सूत्र मात्र प्रत्येकाचं वेगळं. वेळेला २०ने भागून दोलनकाल टी काढा आणि त्याचा वर्ग मांडा: २.४१८, २.८२२, ३.२२२, ३.६२९, ४.०२०. नुसता टी मांडलात तर वक्र येईल, त्याचा चढ जागोजागी बदलेल.

एल एक्स-अक्षावर असेल तर चढ ४.०१ सेकंद²/मीटर, म्हणून गुरुत्वत्वरण जी = ४π² ÷ चढ = ३९.४८ ÷ ४.०१ = ९.८४. अक्ष उलटे असतील तर जी = ४π² × चढ. गोंधळ झाला की चढाचं एकक बघा. ते मीटर/सेकंद² असेल, म्हणजे जीचंच, तर गुणायचं. उलटं असेल तर भागायचं. लांबी सेंटीमीटरमध्येच ठेवलीत तर जी ९८४ येईल, तिथे घाबरू नका.

जर्नलात मी एल एक्स-अक्षावरच ठेवेन. लांबी आपण ठरवतो, वेळ तिच्यामागून येतो.

ढोबळचूक
सहमत. भर घालतो, कारण 'आपण ठरवतो ती राशी एक्सवर' एवढ्यावर तोंडी परीक्षेत भागत नाही. मीटरपट्टीने ८० सेंमीत १ मिमी चुकला तर साधारण ०.१ टक्का. स्टॉपवॉच दाबताना ०.२ सेकंद इकडेतिकडे झाले, तर ३६ सेकंदांत अर्धा टक्का, आणि वर्ग केल्यावर तो दुप्पट, म्हणजे एक टक्क्याच्या वर. एक्सेलची ट्रेंडलाइन बिंदूंचं फक्त उभं अंतर कमीत कमी करते; एक्सवरची राशी ती अचूकच धरून चालते. म्हणून जिच्यात चूक जास्त, ती वायवर. बिंदू विखुरलेले असतील तर अक्ष उलटून काढलेला चढ पहिल्याचा नेमका व्यस्त येतच नाही. तुमचे बिंदू रेषेला इतके चिकटून आहेत की इथे फरक जाणवणार नाही.

एक्सेलमधलं 'तिसरंच काहीतरी' बहुतेक लाइन चार्टमुळे आहे. त्यात एक्सवरचे आकडे नुसती लेबलं म्हणून सारख्या अंतरावर बसतात आणि ट्रेंडलाइन त्यांना १, २, ३ मानते. मग तुमच्या आकड्यांचा चढ ०.४० दिसेल. स्कॅटर निवडा, डावा स्तंभ एक्सवर जातो. स्लोप हे फंक्शन वापरत असाल तर त्यात आधी वायचे आकडे, मग एक्सचे.

कॅथोड
अवांतर: हा नियम सगळीकडे लावू नका. ओहमच्या प्रयोगात व्होल्टेज एक्सवर, प्रवाह वायवर घेतला तर चढ १/आर (आर म्हणजे रोध). प्रवाह मिलिअँपिअरमध्ये असेल आणि चढ १० आला, तर रोध ०.१ किलोओहम, म्हणजे १०० ओहम. ०.१ ओहम लिहून मोकळे होणारे दरवर्षी असतात. डायोडला प्रवाह कायम वायवरच.

अर्थशास्त्रात तर किंमत वायवर आणि मागणी एक्सवर. अर्थतज्ज्ञ आल्फ्रेड मार्शलपासून रूढ झालेली चाल आहे. पेपरात उलटी काढू नका. फक्त लवचिकता (किंमत बदलली की मागणी किती बदलते) काढताना त्या रेषेचा चढ जसाच्या तसा घालू नका, तिथे त्याचा व्यस्त लागतो.

लोलक
स्कॅटर केलं, ४.०१ आला. पण रेषा आरंभबिंदूतून जात नाही, किंचित वर कापते. ओढून शून्यातून न्यायची का?

मीटरपट्टी
नाही. तुमची रेषा वाय-अक्षाला ०.०१च्या आसपास कापते, एवढं वाचनातल्या चुकांमुळेही होतं. ते ०.०४च्या घरात असतं तर लांबी फक्त दोऱ्याची मोजली आणि गोळ्याची १ सेंमी त्रिज्या राहिली, असा संशय घेतला असता. तसं झालं तरी चढ तोच राहतो, रेषा फक्त सरकते. जबरदस्तीने शून्यातून नेलीत तर चढ बिघडतो. चढासाठी बिंदू रेषेवरचे घ्या, तक्त्यातले नव्हे, आणि शक्य तितके लांबचे.