शेअर्ड फोल्डरला ७७७ नको, ग्रुप करा
उबुंटूच्या (लिनक्सचा एक प्रकार) एकाच मशीनवर तिघं काम करतात आणि एकाची फाईल दुसऱ्याला एडिट होत नाही, या प्रश्नावर एकाचं उत्तर आलंय की फोल्डरला चमॉड ७७७ मारा (चमॉड म्हणजे परवानग्या बदलायची कमांड, ७७७ म्हणजे सगळ्यांना सगळी मुभा), ते प्लीज नका करू, त्याने मशीनवरच्या कुठल्याही अकाउंटला किंवा सर्व्हिसला तिथलं सगळं बदलता, उडवता येतं.

त्यापेक्षा ग्रुपअ‍ॅडने ग्रुप बनवा, तिघांना त्यात घाला, फोल्डर चग्रपने (फाईल-फोल्डरचा ग्रुप बदलायची कमांड) त्या ग्रुपचा करा आणि मग चमॉड २७७० द्या (७७० म्हणजे मालकाला आणि ग्रुपला सगळं, बाकीच्यांना काही नाही). सुरुवातीचा २ म्हणजे सेटजीआयडी, खरी गंमत त्यातच आहे, आत बनणारी प्रत्येक नवी फाईल आपोआप त्याच ग्रुपची होते. बाहेरून एमव्हीने (फाईल हलवायची कमांड) आणलेली मात्र जुनाच ग्रुप घेऊन येते, तिथे परत चग्रप. युमास्क (नव्या फाईलला कुठल्या परवानग्या द्यायच्या नाहीत ते ठरवणारा आकडा) ०२२ असेल तर ००२ करा, नाहीतर ग्रुपला नुसतं वाचताच येईल.

आणि ग्रुपमध्ये माणसं घालताना यूजरमॉड कमांडला कॅपिटल जीच्या आधी छोटा ए (-aG) हवाच हवा! मी एकदा विसरलो तर माझं अकाउंट सुडो ग्रुपमधूनच (अ‍ॅडमिनचे अधिकार देणारा ग्रुप) बाहेर गेलं, रिकव्हरी मोडमध्ये जाऊन परत घालावं लागलं. ग्रुप बदलल्यावर लॉगआउट करून परत लॉगिन करा, चालू लॉगिनला तो बदल आपोआप लागू होत नाही.