इंग्रजीत क्रियापदाआधी दोन-तीन क्रियाविशेषणं आली तर कोणतं आधी?

निरेकाठ

नमस्कार मंडळी. मी दिवाणी दाव्यांची कागदपत्रं मराठीतून इंग्रजीत करते. प्रकरण अपिलात उच्च न्यायालयात गेलं की जबान्या, पंचनामे, फेरफार सगळं इंग्रजीत जोडावं लागतं, ते काम. सध्या हातात बांधाचा वाद आहे. वादीची जबानी अशी:

"प्रतिवादी दरवर्षी नांगरट करताना मुद्दाम हळूहळू आमचा बांध कोरत आला आहे. आता तर बहुधा हद्दीचा दगडही मुद्दाम काढून टाकण्यात आला आहे."

आपल्याकडे क्रियापद शेवटी, त्यामुळे सगळी क्रियाविशेषणं त्याच्याआधी आरामात बसतात. इंग्रजीत मात्र 'डेलिबरेटली', 'ग्रॅज्युअली', 'प्रॉबेबली' यांची रांग लावताना हात थांबतो. आमच्या कार्यालयातले एक ज्येष्ठ म्हणतात, सगळी वाक्याच्या शेवटी टाका. दुसरे म्हणतात, क्रियापदाला चिकटवा. याला काही नियम आहे का?

आणि प्रतिवादीच्या जबानीत एक छोटं वाक्य आहे: "मी मुद्दाम दगड काढला नाही." ते सोपं वाटतंय, पण तेही बघा.

पाटीपेन्सिल

शाळेत शिकवलेलं सांगतो. 'ऑल्वेज', 'ऑफन', 'नेव्हर', 'ऑलरेडी' ही पहिल्या सहाय्यक क्रियापदानंतर. 'हॅज ऑलरेडी गॉन'. सहाय्यक नसेल तर मुख्य क्रियापदाच्या आधी. 'दरवर्षी'साठी 'एव्हरी इयर' असेल तर ते मध्ये घालू नका, सुरुवातीला किंवा शेवटी ठेवा. रांगेचं मात्र जाणकारांनी सांगावं.

शब्दसाक्षी

निरेकाठ, तुमचे दोन्ही सहकारी अर्धं बरोबर सांगतायत. जागा सोयीनं ठरत नाही, अर्थानं ठरते. मी कोर्टाचीच भाषांतरं करत आले आहे आणि नव्या मुलींना शिकवताना पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगते: क्रियापदाआधीच्या रांगेत प्रत्येक क्रियाविशेषणाचा अंमल त्याच्यानंतर येणाऱ्या सगळ्यावर चालतो. डावीकडचं मोठं, उजवीकडचं त्याच्या पोटात.

तुमच्याच दगडाचं उदाहरण घेते.

'ही ट्वाइस डेलिबरेटली मूव्हड द स्टोन.' म्हणजे दोन वेळा घडलं, आणि दोन्ही वेळी मुद्दाम.

'ही डेलिबरेटली ट्वाइस मूव्हड द स्टोन.' म्हणजे दोनदा हलवायचा हाच त्याचा बेत होता. एकदा हलवून भागणार नव्हतं.

पहिल्यात 'ट्वाइस'च्या पोटात 'डेलिबरेटली', दुसऱ्यात 'डेलिबरेटली'च्या पोटात 'ट्वाइस'. शब्द तेच, आरोप वेगळा. अपिलात समोरचा वकील नेमका इथे बोट ठेवतो, म्हणून मी या बाबतीत हट्टी आहे.

आता रांग. बोलणाऱ्याचा अंदाज किंवा मत सांगणारे शब्द सर्वांत बाहेर: 'फ्रँकली', 'अपॅरंटली', 'प्रॉबेबली'. त्यांच्या आत काळाचे आणि वारंवारतेचे: 'ऑलरेडी', 'स्टिल', 'ऑफन'. सर्वांत आत, क्रियापदाला खेटून, काम कसं झालं ते सांगणारे: 'क्वाएटली', 'केअरफुली'. 'ही हॅज प्रॉबेबली ऑलरेडी क्वाएटली सोल्ड द लँड' हे अगदी सरळ इंग्रजी आहे. तेच 'हॅज क्वाएटली ऑलरेडी प्रॉबेबली सोल्ड' असं करून मोठ्यानं वाचा, इंग्रजी बोलणारा कुणीही अडखळेल. कारण उघड आहे. अंदाज अख्ख्या घटनेबद्दल असतो, गुपचूपपणा फक्त विकण्याबद्दल. भाषाशास्त्रज्ञ गुल्येल्मो चिंक्वे यांनी १९९९ मध्ये मांडलं की ही उतरंड एकट्या इंग्रजीची नाही, कितीतरी असंबंधित भाषांत ती सारखीच दिसते. मराठीत शब्द पुढेमागे सरकवायची मोकळीक जास्त, तरी 'बहुधा आधीच गुपचूप विकली' हाच क्रम आपल्याही तोंडी आपसूक येतो.

'डेलिबरेटली' हा शब्द या रांगेत मधल्या जागी फिरतो, आणि फिरला की वर दाखवलं तसा अर्थ बदलतो. सगळ्यात जास्त लक्ष त्याच्यावर ठेवायचं.

तुमचं दुसरं वाक्य आधी घेते, ते सुंदर आहे. 'द बाउंडरी स्टोन हॅज प्रॉबेबली बीन डेलिबरेटली रिमूव्हड.' इथे रांग तुटली ते बघा. 'प्रॉबेबली' 'हॅज'नंतर थांबलं, 'डेलिबरेटली' 'बीन'नंतर उतरलं. दोन सहाय्यक क्रियापदं असली की इंग्रजी ही सोय देते. 'हॅज प्रॉबेबली डेलिबरेटली बीन रिमूव्हड' चूक म्हणता येणार नाही, पण 'ली ली' असे दोन शब्द शेजारी येऊन कानाला टोचतात.

पहिल्या वाक्यात 'डेलिबरेटली ग्रॅज्युअली' असं ठेवू नका, तिथेही तोच त्रास. 'मुद्दाम' क्रियापदाआधी ठेवा, 'हळूहळू' शेवटी न्या: 'इयर आफ्टर इयर, व्हाइल प्लाउइंग, द डिफेंडंट हॅज डेलिबरेटली कट इन्टू अवर बंड, लिटल बाय लिटल.' 'बंड' शब्द भारतीय इंग्रजीत रुळलेला आहे, बदलू नका.

एकाच जातीची दोन असली तर मात्र रांग नसते, जोडी असते. मग 'अँड' घाला: 'ओपनली अँड डेलिबरेटली'. तिथे क्रम उलटला तरी बिघडत नाही.

आता "मी मुद्दाम दगड काढला नाही". हे सोपं अजिबात नाही. मराठीत याचे दोन अर्थ होतात. एक: काढला, पण मुद्दाम नाही. दोन: न काढणंच मुद्दाम होतं, मी जाणूनबुजून तो तिथे राहू दिला. बोलताना आवाजाच्या जोरावर कळतं, कागदावर कळत नाही. इंग्रजीत मात्र तुम्हाला निवड करावीच लागते. 'आय डिड नॉट डेलिबरेटली रिमूव्ह द स्टोन' म्हणजे पहिला अर्थ, आणि त्यात दगड काढल्याची जवळजवळ कबुली वाचता येते. 'आय डेलिबरेटली डिड नॉट रिमूव्ह द स्टोन' म्हणजे दुसरा. 'नॉट'च्या कोणत्या बाजूला शब्द ठेवला यावर माणसाची बाजू उभी राहते किंवा पडते. मूळ जबानीत आजूबाजूला काय आहे ते टाका, मग सांगते.

काळाकोट

वकिली करतो, म्हणून दोन गोष्टी जोडतो. शब्दसाक्षी ताईंनी सांगितलेल्या अंमलावर अमेरिकेचं सर्वोच्च न्यायालय २००९ मध्ये बसलं होतं. फ्लोरेस-फिगेरोआ यांचं प्रकरण. दुसऱ्या व्यक्तीचं ओळखपत्र 'नोइंगली' वापरलं तर दोन वर्षांची जादा शिक्षा, असा कायदा. या माणसानं कामावर खोटी कार्डं दिली होती, त्यावरचे क्रमांक खऱ्याखुऱ्या दुसऱ्या माणसांचे निघाले. प्रश्न एवढाच, की 'नोइंगली' फक्त 'वापरणे' या क्रियापदापाशी थांबतं, की 'दुसऱ्या व्यक्तीचं' इथपर्यंत पोचतं? न्यायालयानं एकमतानं सांगितलं, शेवटपर्यंत पोचतं. क्रमांक दुसऱ्या कुणाचा आहे हे त्याला माहीत होतं, हे सरकारनं सिद्ध करायला हवं.

त्याच वर्षी २० जानेवारीला सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी ओबामांना शपथ देताना 'फेथफुली' जागेवरून हलवलं. राज्यघटनेत ते 'विल' आणि 'एक्झिक्यूट'च्या मध्ये आहे, त्यांनी ते शेवटी नेलं. दुसऱ्या दिवशी खबरदारी म्हणून व्हाइट हाउसमध्ये शपथ पुन्हा दिली गेली. तिथे अर्थ बदलला नव्हता, तरीही.

आपल्या १८६० च्या दंड संहितेत तर 'डिसऑनेस्टली', 'फ्रॉड्युलंटली' आणि 'व्हॉलंटरिली' या क्रियाविशेषणांना स्वतंत्र कलमं देऊन व्याख्या केल्या होत्या: २४, २५ आणि ३९. फसवणुकीच्या ४१५ कलमात मालमत्ता द्यायला लावण्याच्या भागात 'इन्ड्युसेस'च्या आधी 'फ्रॉड्युलंटली ऑर डिसऑनेस्टली' होतं, पुढच्या भागात त्याच क्रियापदाआधी 'इन्टेन्शनली'. त्या फरकावर निकाल झाले आहेत. भाषांतर करताना या सगळ्यांना सरसकट 'मुद्दाम' म्हणून चालत नाही, आणि उलट दिशेनं 'मुद्दाम'साठी 'डिसऑनेस्टली' तर मुळीच नाही.

निरेकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. शब्दसाक्षी ताई, उलटतपासणीतला तेवढा भाग देते (गट नंबर वगळून):

"दगड माझ्या बाजूला पडलेला होता हे खरे आहे. मी मुद्दाम दगड काढला नाही. दगड मी मुद्दाम काढला असे म्हणणे खरे नाही. ट्रॅक्टर वळवताना काय झाले ते मला माहीत नाही."

शब्दसाक्षी

जबानी कथनासारखी लिहिली जाते, वकिलाचा प्रश्न सहसा कागदावर येत नाही, म्हणून शेजारची वाक्यं हाच आपला आधार. इथे तो भक्कम आहे. दगड त्याच्याच बाजूला पडलेला होता हे तो मान्य करतो, म्हणजे 'जाणूनबुजून राहू दिला' हा दुसरा अर्थ बाद. शेवटी ट्रॅक्टर वळवण्याचा उल्लेख आहे. तेव्हा 'आय डिड नॉट डेलिबरेटली रिमूव्ह द स्टोन' हेच घ्या.

पुढच्या वाक्याला कोर्टाचा ठरलेला साचा वापरा: 'इट इज नॉट ट्रू टु से दॅट आय डेलिबरेटली रिमूव्हड द स्टोन.' इथे 'डेलिबरेटली' 'दॅट'च्या आत राहिलं पाहिजे. ते बाहेर आलं, तर मुद्दाम काय केलं हेच बदलेल.

आणि एक करा. 'अॅक्सिडेंटली' हा शब्द कुठेही घालू नका. तो त्यानं उच्चारलेला नाही. ट्रॅक्टरचं वाक्य जसं आहे तसं, 'आय डू नॉट नो' इतकंच ठेवा. अपघात होता की नाही हे ठरवायचं काम न्यायाधीशांचं आहे.