बालगृहातील मिशनरी स्वयंसेवक : दहा दिवसांची सेवा नेमकी कोणासाठी?

भीमाथडी :

पुणे-दौंड लोहमार्गावर केडगाव लागते. १८९६-९७च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून आणलेल्या उपाशी मुली आणि बालविधवा तेथे वाढल्या, आणि ती वसती पुढे मुक्ती मिशन म्हणून ओळखली गेली. मेथॉडिस्ट मिशनच्या मिनी एब्रम्स ही अमेरिकन बाई १८९८ मध्ये तेथे दाखल झाली आणि अनेक वर्षे राबली. ख्रिस्ती मिशनच्या सेवेबद्दल माझ्या मनात आदर आहे तो अशा माणसांमुळे, हे आधीच सांगते, म्हणजे पुढचे म्हणणे द्वेषातून आले आहे असे कोणाला वाटणार नाही.

मी चार वर्षे एका ख्रिस्ती बालगृहात शनिवार-रविवारी गणित शिकवायला जात असे. दर हिवाळ्यात परदेशी मंडळींचा एक गट दहा दिवसांसाठी येई. खेळ, गाणी, चित्रे, बायबलमधल्या गोष्टींची नाटुकली असा भरगच्च कार्यक्रम असे, आणि मुले खरोखर आनंदात असत. एका वर्षी गटातल्या एका तरुणीने सात वर्षांच्या एका मुलीच्या मनगटावर लोकरीचा विणलेला गोफ बांधला आणि 'मी पुन्हा येईन' असे सांगितले. जूनपर्यंत त्या गोफाचा रंग ओळखू येत नव्हता, तरी आंघोळीच्या वेळी तो भिजू नये म्हणून ती मुलगी हात बादलीबाहेर धरून बसायची. ती तरुणी पुन्हा आली नाही. पुढच्या हिवाळ्यात नवा गट आला तेव्हा ही मुलगी कोणाच्याही मांडीवर जाऊन बसत होती, आणि पाहुणे त्याला 'किती प्रेमळ मूल' म्हणत होते.

ज्या मुलाला एकदा सोडून दिले गेले आहे, त्याला दरवर्षी नव्याने सोडून जाणे ही सेवा नाही, असे माझे ठाम मत आहे. मुलांमध्ये मिसळायचे असेल तर स्वयंसेवकाने किमान एक शैक्षणिक वर्ष राहावे. ते शक्य नसेल तर छप्पर दुरुस्त करावे, हिशेब लिहावेत, पण मुलांच्या खोलीत जाऊ नये.

साक्षेपी :

आपण मुदतीचा प्रश्न मांडलात, पण मूळ प्रश्न धर्माचा आहे आणि तो आपण बाजूला ठेवलात. रमाबाईंचेच उदाहरण घेऊ. १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालेले आणि १८९० मध्ये पुण्याला हललेले त्यांचे शारदा सदन, म्हणजे विधवांसाठीची निवासी शाळा, धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, असे आश्वासन होते. रमाबाईंनी कोणावर सक्ती केली नाही, हे मला मान्य आहे. त्यांच्या प्रार्थनेच्या वेळी खोलीचे दार उघडे असे आणि मुली आपणहून येऊन बसत. परंतु ज्या बाईने आपल्याला जेवू घातले, तिच्या उघड्या दारासमोरून निराधार मुलगी किती दिवस निघून जाईल? 'केसरी'ने टीकेची झोड उठवली, १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, आणि पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. रानडे आणि भांडारकरांना कोणी सनातनी म्हणणार नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क संहितेच्या विसाव्या कलमानुसार, कुटुंबाबाहेर वाढणाऱ्या मुलाची व्यवस्था करताना त्याची धार्मिक, सांस्कृतिक आणि भाषिक पार्श्वभूमी विचारात घ्यायला हवी. भारताने ही संहिता १९९२ मध्ये स्वीकारली आहे. या दृष्टीने दहा दिवसांच्या पाहुण्यापेक्षा वर्षभर राहणाऱ्या धर्मनिष्ठ स्वयंसेवकाचा प्रभाव कितीतरी खोल असेल, म्हणून आपला उपाय दुखण्याहून वाईट आहे.

सहावी खाट :

मी अशाच एका मिशनच्या वसतिगृहात अकरा वर्षे वाढले, म्हणून दोघांनाही उत्तर देणे मला भाग आहे.

साक्षेपी, १८९३ मध्ये ज्या मुली काढून नेल्या, त्यांना नेणारे घर तरी होते. मला नेणारे कोणी नव्हते. माझ्या डोक्यावर कोणी पाणी घातले नाही आणि मी आजही बाप्तिस्मा घेतलेला नाही. मात्र खोटे बोलणार नाही: प्रार्थनेत मोठ्याने गायले की सिस्टर खूश होतात, हे आम्हा सगळ्यांना कळत होते, आणि मी मोठ्याने गात असे. तरीही गोवर आला तेव्हा तीन रात्री माझ्या खाटेशी बसून ओल्या फडक्याने अंग पुसणारी तीच सिस्टर होती, आणि ती तिच्या श्रद्धेमुळेच तेथे होती. श्रद्धा बाहेर ठेवून या म्हटले असते तर त्या रात्री कोण बसले असते, याचे उत्तर मला अजून कोणी दिलेले नाही.

भीमाथडीताई, तुमचा गोफ वाचून डोळे भरून आले, कारण तसा एक माझ्याकडेही होता. पण आमच्याकडे एक दंतवैद्य फक्त सहा दिवसांसाठी आले होते. त्यांनी जी दाढ काढली, ती त्याआधी दोन महिने मला झोपू देत नव्हती. त्यांचे नावही मला ठाऊक नाही. त्यांना छप्पर दुरुस्त करायला लावले असते तर?

पाळणाघर ते पंचायत :

मी बालसंरक्षणाच्या क्षेत्रात काम करते आणि मला चर्चेत एक माणूस दिसत नाही : मुलाची आई. बालगृहातील अनेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. गरिबी, आजारपण किंवा ऊसतोडीचे स्थलांतर यांमुळे मूल संस्थेत येते. २०१५च्या बाल न्याय कायद्यानुसार संस्थेची नोंदणी सक्तीची आहे आणि मूल बालकल्याण समितीच्या आदेशानेच ठेवता येते. कुटुंबात परत पाठवण्याचा प्रयत्न आधी करावा, संस्था हा शेवटचा पर्याय, असे हाच कायदा सांगतो. प्रत्यक्षात भेटीला आलेल्या आईला वऱ्हांड्यात अर्धा तास मिळतो, आणि पाहुण्या गटाला अख्खा दिवस.

महाराष्ट्राच्या बालसंगोपन योजनेत अशा मुलासाठी दरमहा २,२५० रुपये मिळतात. एका स्वयंसेवकाच्या विमानभाड्यात एक मूल दोन-अडीच वर्षे आईजवळ राहू शकते. ख्रिस्ती मंडळींना मदतच करायची असेल तर त्यांनी ती या घरांपर्यंत पोहोचवावी. हेच मी मंदिरांच्या आणि उद्योगसमूहांच्या गटांनाही सांगते. वाढदिवसाचा केक घेऊन येणारे आपले लोक काही कमी नाहीत.

भीमाथडी :

सहावी खाट, दंतवैद्याचा मुद्दा मी पूर्णपणे मान्य करते. दिवस मोजण्यात माझी चूक झाली. ते दाढ काढायला आले होते, कोणाचे लाडके व्हायला आले नव्हते, आणि ते गेल्यावर कोणी त्यांची वाट पाहिली नाही. हा फरक मला मांडता आला नव्हता. साक्षेपींची शंका मात्र तुमच्या मोठ्याने गाण्यामुळे मला अधिक खरी वाटू लागली आहे. प्रार्थनेच्या वेळी मुलांना दुसरीकडे बसता येईल असा वर्ग आणि तेथे एक शिक्षिका असावी, अशी मागणी मी त्या बालगृहाच्या अधीक्षिकांकडे लेखी करणार आहे, आणि ती शिक्षिका म्हणून रोज संध्याकाळी जायची माझी तयारी आहे.

आईचा मुद्दा वाचून मी थांबले. गोफ जपणाऱ्या त्या मुलीला आई होती. दिवाळीत ती एकदा आली होती, पिशवीत शेंगदाण्याचे लाडू होते, आणि मी तेव्हा वर्गात सातचा पाढा घेत होते; पाढा संपेपर्यंत मी मुलीला बाहेर सोडले नाही.