पीजचं टीव्ही स्टेशन: बडोद्यात कोण कोण बघायचं? जुनी माहिती हवीये

रावपुराकर
नमस्कार मंडळी. गुजरातच्या खेडा जिल्ह्यात नडियादजवळच्या पीज गावात १९७५ पासून दहाएक वर्षं टीव्ही स्टेशन होतं, त्यावर मराठीत नीट काहीतरी लिहायचं मनात आहे. अहमदाबादला दूरदर्शनचं मोठं केंद्र व्हायच्या आधी गुजरातेत टीव्ही म्हणजे पीजच, आणि ते चालवण्यात दूरदर्शनबरोबर इस्रोही होतं! म्हणजे इस्रोचं अहमदाबादचं स्पेस अॅप्लिकेशन्स सेंटर, सॅक. आपल्या माणसांसाठी मुद्दाम सांगतो, ज्या उपग्रह प्रयोगातनं हे सगळं सुरू झालं त्या साइट (SITE) नावाच्या प्रयोगाचे प्रोग्राम मॅनेजर होते कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस, आणि त्याच टीममध्ये किरण कर्णिक होते. असं असून नव्या पिढीतल्या बडोदेकरांना पीज हे नावसुद्धा माहीत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.
तर मला तीन गोष्टी हव्यात. बडोद्यात दिसायचं का, आणि कसं दिसायचं? गावागावांत छत्र्या, म्हणजे डिश अँटेना, लावल्या होत्या म्हणतात ते खरं का? आणि एवढं चांगलं चाललेलं बंद का केलं?

अगाशीवाला
दिसायचं हो! आम्ही दांडिया बाजारात राहायचो. वाड्यात टीव्ही एकाच बिऱ्हाडात, आणि अगाशीवर दोन पाइप जोडून केलेली उंच अँटेना, तोंड नडियादच्या दिशेला, शिवाय बूस्टर वेगळा. ट्रान्समीटर लहान होता आणि बडोदं त्याच्या पट्ट्याच्या बाहेरच म्हणायचं, त्यामुळे बऱ्याचदा मुंग्या मुंग्या. पण उन्हाळ्यात रात्री हवा पडलेली असली, पान हलत नसलं की चित्र एकदम साफ यायचं, आणि वारा सुटला की परत गेलंच. आम्ही मुलं उकाडा वाढायची वाट बघायचो. कार्यक्रम शेतीचे, गुरांचे, बोली चरोतरी (चरोतर म्हणजे खेडा जिल्ह्याकडचा भाग), आम्हाला अर्धं कळायचं अर्धं नाही, तरी सतरंजीवर पंचवीस माणसं. माझ्या आजीला गुजराती धड बोलता येत नव्हतं पण म्हशीच्या खुरांच्या रोगावर काय करायचं ते तिने पीजवर बघून लक्षात ठेवलं होतं.

ट्रान्समीटर५२
छत्रीचा घोळ बऱ्याच जणांचा होतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.
१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असं बरोबर एक वर्ष भारताने नासाचा एटीएस-६ उपग्रह वापरला, तोच साइट प्रयोग. आंध्र, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा आणि राजस्थान, सहा राज्यांतली २४०० गावं. उपग्रहाचा सिग्नल साध्या अँटेनावर येत नाही, म्हणून त्या गावांमध्ये कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या, तीन मीटर व्यासाच्या छत्र्या बसवल्या आणि टीव्हीला वेगळा कन्व्हर्टर जोडला. सकाळी शाळेच्या पोरांसाठी दीड तास, संध्याकाळी मोठ्यांसाठी अडीच तास.
पीजच्या खेडा जिल्ह्याची रचना वेगळी. पीजला १ किलोवॅटचा जमिनीवरचा ट्रान्समीटर होता, त्यामुळे तिथल्या गावांना नेहमीची काड्यांची अँटेना पुरायची, छत्री लागत नव्हती. अहमदाबादच्या अर्थ स्टेशनवर (उपग्रहाशी जोडणारं जमिनीवरचं केंद्र) उपग्रहाचा कार्यक्रम उतरवायचा आणि पीजवरनं परत सोडायचा. पण यातली खरी हुशारी अशी की तोच ट्रान्समीटर सॅकच्या स्टुडिओलाही जोडलेला, म्हणजे दिल्लीचा कार्यक्रम थांबवून आपला स्थानिक लावता यायचा. बाकीच्या २४०० गावांना वरनं जे येईल तेच बघावं लागायचं, खेडा जिल्ह्याला स्वतःचं काही दाखवता यायचं. म्हणूनच अमेरिकेने १९७६ मध्ये उपग्रह परत नेल्यावरही पीज चालू राहिलं. अहमदाबादच्या ज्या भागाला आज सॅटेलाइट म्हणतात ना, त्याचं नाव तिथल्या त्या अर्थ स्टेशनवरनंच पडलंय.

चरोतरची_सून
माझं माहेर बडोद्याचं, नवापुरा. सासर पेटलादकडच्या गावात, पटेलांच्या घरी. ह्यांचे वडील, बापूजी, दूध मंडळीत (गावच्या सहकारी डेअरीत) होते. धागा वाचून काल त्यांना विचारलं तर दोन तास बोलत होते, जेवण गार झालं तरी उठेनात.
चारशेच्या आसपास गावांत सार्वजनिक टीव्ही होते आणि पुष्कळ ठिकाणी ते दूध मंडळीतच ठेवलेले. बापूजी म्हणतात हे फार विचाराने केलं होतं. पंचायतीत ठेवला असता तर सरपंचाच्या गटाचीच माणसं आली असती, कुणाच्या घरी ठेवला असता तर ठराविक जातीचीच. डेअरीत मात्र दोन वेळा सगळ्यांना यावंच लागतं. संध्याकाळी बरणी घेऊन रांगेत उभं राहायचं, फॅटसाठी नमुना काढून घ्यायचे, पासबुकात लिटर लिहून घ्यायचे, आणि तेवढ्यात लाकडी पेटीचं कुलूप निघायचं. पेटीला दोन दारं होती आणि किल्ली एकाच माणसाकडे. बायका रिकामी बरणी मांडीवर घेऊन तिथेच ओट्यावर बसायच्या. बापूजी म्हणाले घरातल्या सुना बाहेर बसून काहीतरी बघतायत हे त्यांच्या गावाने आधी पाहिलंच नव्हतं, सुरुवातीला म्हातारे कुरकुरले, मग तेही येऊन बसायला लागले.
सगळ्यात त्यांना आठवतं ते दाद फरियाद. गावकऱ्यांची तक्रार, पाण्याची असो नाहीतर तलाठ्याची, कॅमेऱ्यासमोर घ्यायची आणि मग कॅमेरा घेऊन सरळ त्या साहेबाकडे जायचं की बोला आता. साहेब काय म्हणाला ते परत सगळ्या गावांना दिसायचं. चतुर मोटा ही मालिकाही त्यांना आठवते, त्यात हुंडा आणि विधवांच्या लग्नाचा विषय होता. स्टेशनची माणसं आधी गावात येऊन विचारायची, काय कळलं, काय नाही, कुठे कंटाळा आला, आणि त्याप्रमाणे पुढचं बदलायची. यावर बापूजी म्हणाले, "आता एवढे चॅनल आहेत, पण मला कोणी विचारायला आलं नाही."

कारेलीबाग_७८
हे सगळं छान आहे पण एक बाजू राहतेय. रविवारचा पिक्चर आणि छायागीत असलं काही दिल्ली-मुंबईला लागायचं ते आम्हाला हवं होतं, आणि खुद्द चरोतरातल्या तरुण पोरांनाही हवं होतं. रोज रोज खतं आणि कुटुंब नियोजन कोण बघणार? १९८४ मध्ये देशभर धडाधड ट्रान्समीटर लागले तेव्हा पीज मागे पडणारच होतं, त्यात कुणाचा कट वगैरे शोधू नका.

ट्रान्समीटर५२
दादा, पिक्चर हवा होता हे मान्य, आणि पीजवरनं दिल्लीचं करमणुकीचं पण लागायचंच की. पण बंद कसं झालं ते बघा. १९८४ मध्ये याच प्रकल्पाला ग्रामीण संवादासाठी युनेस्कोचं पारितोषिक मिळालं, आणि १९८५ मध्ये तो ट्रान्समीटर काढून मद्रासला दुसऱ्या चॅनलसाठी न्यायचं ठरलं! कारण असं दिलं की अहमदाबादहून मोठा ट्रान्समीटर खेडा जिल्ह्यापर्यंत पोचतोच आहे. पोचत होता, पण काय घेऊन? मोठ्या ट्रान्समीटरवर गावाच्या तलाठ्याची तक्रार कशी लावणार, ती बघायला सगळ्या राज्याला बसवणार का? लहान ट्रान्समीटर हा दोष नव्हताच, त्याच्यामुळेच ते जमत होतं. आणि लोकांना नको होतं म्हणाल तर स्टेशन हलवू नका म्हणून खेडा जिल्ह्यातल्या गावकऱ्यांनी विरोध केला होता. टीव्ही स्टेशनसाठी गावं उभी राहिली असं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही.

कारेलीबाग_७८
विरोध झाला होता हे माहीत नव्हतं. मग नुसतं मागे पडलं असं म्हणता येणार नाही, पटलं.

राजवाड्याचा_मराठी
इंदूरहून लिहितोय. पीजची गोष्ट १९८५ ला संपली नाही, तिचा एक धागा आमच्याकडे आला. खेडा जिल्ह्यातल्या कामाच्या अनुभवावर अहमदाबादलाच इस्रोचं डेकू म्हणून विकास आणि शिक्षणाच्या कार्यक्रमांसाठीचं युनिट १९८३ मध्ये झालं, कर्णिकच त्याचे पहिले प्रमुख, आणि याच डेकूने १९९६ मध्ये झाबुआत प्रकल्प सुरू केला. झाबुआ म्हणजे इंदूर आणि बडोदं यांच्या अधेमधे, दाहोदच्या अलीकडे. भिलांची १५० गावं उपग्रहाने जोडली आणि १२ ठिकाणी उलट बोलायची सोय केली, म्हणजे गावातला माणूस ब्लॉकच्या गावी जाऊन थेट स्टुडिओतल्या तज्ञाला प्रश्न विचारणार. पीजच्या टीमला गावोगाव फिरून जे विचारावं लागायचं ते इथे लोकच समोरून विचारायला लागले. माझे मामा तिकडे शिक्षक होते, ते सांगायचे की हातपंप आणि पाणलोटाचे प्रश्न सगळ्यात जास्त, आणि बायका विचारायला बिलकुल घाबरायच्या नाहीत. तुमच्या लेखात झाबुआ आलंच पाहिजे, नाहीतर अर्धीच गोष्ट होईल.

रावपुराकर
मंडळी, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार. झाबुआ नक्की घेतो. @चरोतरची_सून ताई, बापूजींना त्रास होणार नसेल तर फोनवर रेकॉर्ड कराल का? गुजरातीतच बोलू देत, मराठीत मी उतरवून घेईन. मुख्य म्हणजे दाद फरियादमध्ये त्यांच्या स्वतःच्या गावची कुठली तक्रार लागली होती आणि पुढे ते काम झालं का, एवढं जरूर विचारा. आणि किल्ली कुणाकडे असायची तेही.

चरोतरची_सून
किल्ली त्यांच्याकडेच होती भाऊ 🙂 तक्रारीचं रविवारी विचारून लिहिते, तेव्हा नणंदबाई पण येणार आहेत, त्या तेव्हा शाळेत होत्या आणि पहिल्या ओळीत बसायच्या.