गोव्याच्या नौदल विमान संग्रहालयात ब्लॅक अँड व्हाइट: राखाडी विमान आकाशात विरघळतं, काय करावं?

राजारामपुरी_आठवी_गल्ली

नमस्कार मंडळी. जानेवारीत कोल्हापुरातून गाडीनं दाबोळीजवळच्या नौदल विमान संग्रहालयात जायचं ठरलंय. हाताशी एकच दिवस आहे. फोटो फक्त ब्लॅक अँड व्हाइट करायचेत आणि शेवटी १२ × १८ इंचाचे थोडे प्रिंट काढायचेत.

सामान असं: २४ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम मिररलेस, ३५ आणि ८५ मिमी लेन्स. शिवाय जुना फिल्म एसएलआर, ५० मिमी लेन्स आणि एचपी-५ या ४०० आयएसओच्या ब्लॅक अँड व्हाइट फिल्मचे दोन रोल. पिवळा आणि लाल असे दोन फिल्टर आहेत.

तिथले रंगीत फोटो बघून ठेवलेत. ते ब्लॅक अँड व्हाइट केले की राखाडी विमान, पांढरट आकाश आणि मागची झाडं सगळं एकाच रंगाचं दिसतं. लाल फिल्टर लावला की काम झालं असं काही जण सांगतात. खरंच तसं आहे का? उभं कुठं राहायचं, एक्स्पोजर कसं धरायचं, तेही सांगा.

---

गंगावेश_डार्करूम

लाल फिल्टर आकाश गडद करतो हे खरं, पण आकाश निळं असेल तरच. समुद्रकाठी दुपारच्या धुरकट हवेत आकाश पांढरं असतं. त्यात निळाच नाही, तर फिल्टर गडद कशाला करणार? सूर्य पाठीशी घेऊन समोरचं आकाश डोळ्यांनी बघा. निळं दिसलं तर फिल्टर काढा, नाहीतर तो बॅगेतच राहू दे.

आकाश निळं असलं तर मात्र नौदलाच्या विमानांना लाल फिल्टर छान लागू पडतो. राखाडी रंगात कुठलाच रंग वरचढ नसतो, त्यामुळं एक्स्पोजर भरून काढलं की विमान आहे तसंच राहतं आणि मागचं आकाश खाली जातं. म्हणजे गडद पडद्यावर उजळ विमान.

गोची होते ती खुणांची. आपल्या विमानांवरच्या गोल चिन्हात बाहेर केशरी, मध्ये पांढरा आणि आत हिरवा असतो. लाल फिल्टरखाली केशरी इतका उजळतो की पांढऱ्यात मिसळून जातो, आणि तीन वर्तुळांऐवजी पांढऱ्या तबकडीत एक काळा ठिपका उरतो. इजेक्शन सीटचा लाल त्रिकोण, ‘रिमूव्ह बिफोर फ्लाइट’च्या लाल पट्ट्या यांचंही तसंच, त्या पांढऱ्या होतात. पट्ट्या उठून दिसाव्यात असं वाटत असेल तर हे सोयीचंच आहे. पण चिन्ह हाच फोटोचा विषय असेल तर पिवळा लावा किंवा काहीच लावू नका. पिवळ्या-हिरव्या फिल्टरखाली केशरी उतरतो आणि हिरवा थोडा वर येतो.

एचपी-५ साठी आकडे (१ स्टॉप वाढवणं म्हणजे उजेड दुप्पट करणं): पिवळ्याला १ स्टॉप, पिवळ्या-हिरव्याला २, लालला ३. लख्ख उन्हात ४०० आयएसओला १/५०० आणि एफ १६ धरलं, तर लाल फिल्टरला १/१२५ आणि एफ ११. जुन्या एसएलआरच्या मीटरवर लाल फिल्टर लावून भरवसा ठेवू नका. बऱ्याच जुन्या मीटरांना लाल प्रकाश जास्त कळतो, ते ‘उजेड भरपूर आहे’ सांगतात आणि नेगेटिव्ह पातळ निघते. फिल्टर काढून मोजा, मग ३ स्टॉप उघडा.

---

भवानी_मंडप_मोनो

फिल्टरच्या आधी जागा. आकाश आणि विमान यांची फारकत निम्मी तिथंच होते.

हे संग्रहालय १९९८ साली सुरू झालं आणि बहुतेक विमानं उघड्यावर उभी आहेत. एकाच्या फोटोत दुसऱ्याची शेपटी घुसते, साखळ्या आणि माहितीफलक मध्ये येतात. गुडघ्यावर बसा, कॅमेरा जमिनीपासून दीड-दोन फुटांवर आणा. विमानाचं नाक झाडांच्या वर येतं आणि मागं फक्त आकाश राहतं. मात्र ३५ मिमी घेऊन नाकाच्या अगदी जवळ गेलात तर नाक भोपळ्यागत फुगतं आणि मागचे पंख खेळण्यातले वाटतात.

अंतराचा हिशेब सोपा आहे. फुल फ्रेमवर ३५ मिमीला विमान जेवढं लांब, साधारण तेवढंच मागं जावं लागतं. ५० मिमीला त्याच्या १.४ पट. सी हॉक हे लढाऊ जेट साधारण १२ मीटरचं, म्हणजे ५० मिमीला १७ मीटर हवेत. सुपर कॉन्स्टेलेशन या चार इंजिनांच्या मोठ्या विमानाची लांबी साडेचौतीस मीटरच्या वर आणि पंखांचा पसारा ३७ मीटरच्या वर. ते अख्खं समोरून घ्यायच्या नादात वेळ घालवू नका. त्याची खरी गंमत तुकड्यांत आहे. तीन शेपट्या मागून, थोड्या तिरक्या घ्या. माशाच्या पाठीसारखी वळणारी ती बॉडी ८५ मिमीनं बाजूनं घ्या, आणि पुढच्या चाकाचा उंच पाय खालून. मोठे प्रोपेलर जमिनीला लागू नयेत म्हणून तो पाय तेवढा लांब ठेवलाय. फोटोत पाय आणि प्रोपेलर दोन्ही आले तर बघणाऱ्याला ते न सांगता कळतं.

आता ऊन. वरून पडणारं ऊन विमानाची पाठ पांढरीफटक करतं आणि पोट काळंकुट्ट. पत्र्याचे जोड आणि रिव्हेट दिसायला ऊन पत्र्यावरून घासत जायला हवं, ते मिळतं साडेतीननंतर. कोल्हापुरातून पहाटे निघालात तरी पोहोचेस्तोवर ऊन डोक्यावर येणार. म्हणून आधी आतलं दालन उरका आणि बाहेरचं दुपारनंतर. सोमवारी बंद असतं, हे ध्यानात असू दे.

अलिझे (पाणबुड्या शोधणारं विमान) आणि सी हॉक दोन्ही विमानवाहू जहाजावरची विमानं, त्यामुळं पंख दुमडायची बिजागरी त्यांच्यात आहे. तिरप्या उन्हात ८५ मिमी, एफ ८ वर ती घ्या. फटीतलं जुनं ग्रीस, पिनांभोवती रंग उडालेली कडी, स्क्रूंच्या डोक्यांवरचे ओरखडे, हे सगळं ब्लॅक अँड व्हाइटमध्ये जेवढं खुलतं तेवढं रंगीत फोटोत नाही.

आणि दाबोळीचा तळ नौदलाचा आहे. कॅमेरा धावपट्टीकडं वळवू नका, ड्रोनचा तर विषयच काढू नका. ट्रायपॉड चालतो का ते तिकीट खिडकीवर विचारून घ्या.

---

पापाची_तिकटी_८५मिमी

वरचं सगळं पटलं. डिजिटलबद्दल थोडं घालतो.

कॅमेऱ्यात मोनोक्रोम प्रोफाइल लावा, पण फाइल रॉ (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली) घ्या. व्ह्यूफाइंडरमध्ये ब्लॅक अँड व्हाइट दिसल्यानं टोन मिसळतायत का ते जागेवरच कळतं. विमानाचा पांढरा भाग स्पॉट मीटरनं मोजून दीड स्टॉप वर ठेवा. मीटर म्हणेल तसंच घेतलं तर पांढरं विमान मळकट राखाडी होतं. चाकांच्या खोबणीतला अंधार जपायच्या नादात पांढरा पत्रा जाळू नका. सावलीतनं बराच तपशील परत काढता येतो, जळलेल्या पत्र्यातनं काहीच नाही.

संगणकावर ब्लॅक अँड व्हाइट कन्व्हर्जन करताना आधी लेन्सची रंगीत कड काढून टाका, मगच मिक्सरला (प्रत्येक रंगाचा उजळपणा बदलणारे स्लायडर) हात लावा. नाहीतर पंखाच्या कडेला पांढरी नाहीतर काळी रेघ येते. निळा स्लायडर -२५ ते -३० च्या खाली ओढला की आकाशात दाणे, पट्टे आणि विमानाभोवती उजळ कड दिसायला लागते. १२ × १८ च्या प्रिंटवर ती लपत नाही. गोल चिन्हासाठी हिरवा सगळ्यात गडद आणि केशरी मधला राखाडी ठेवा, म्हणजे तिन्ही वर्तुळं वेगळी दिसतात. क्लॅरिटी (मधल्या टोनचा कॉन्ट्रास्ट वाढवणारा स्लायडर) १५ च्या पुढं नको. खाऱ्या हवेत उभ्या असलेल्या विमानांवर पावसाचे ओघळ असतात, जास्त क्लॅरिटीत विमानाच्या आधी तेच दिसतात.

पोलरायझर या फिरवायच्या फिल्टरबद्दल कुणी बोललं नाही म्हणून सांगतो. रंगवलेल्या पत्र्यावरची चकाकी त्यानं कमी होते, उघड्या धातूवरची होत नाही. त्यामुळं पॉलिश केलेल्या भागावर तो फिरवत बसू नका. कॉकपिटच्या पारदर्शक झाकणावर तर तो जपूनच वापरा. प्लॅस्टिकमधला ताण रंगीत पट्ट्यांसारखा दिसतो आणि ब्लॅक अँड व्हाइटमध्ये त्याचे डाग होतात.

आतल्या दालनात काचेला रबरी हुड टेकवून घ्या. दिवे लुकलुकतात, म्हणून मेकॅनिकल शटर आणि १/५० किंवा १/१००. इलेक्ट्रॉनिक शटरला आडवे पट्टे येतात.

---

राजारामपुरी_आठवी_गल्ली

फारच उपयोगी, मनापासून आभार. दोन गोष्टी राहिल्या. रोल घरीच आयडी-११ डेव्हलपरमध्ये धुणार आहे, एखादा रोल ८०० ला ओढू का (म्हणजे ८०० आयएसओ धरून घेऊन जास्त वेळ धुऊ का)? आणि कोल्हापुरात लॅबमधून ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट मागवली की हिरवट झाक येते, त्याचं काय करायचं?

---

गंगावेश_डार्करूम

८०० ला ओढायची गरज नाही. तिथं उजेड भरपूर आहे, ओढल्यानं कॉन्ट्रास्ट वाढेल आणि पोटाखालची सावली बंदच होईल. ४०० लाच घ्या. आयडी-११ आणि पाणी एकास एक, २० अंशांला १३ मिनिटं. पाणी २४ अंशांवर असेल तर साधारण ९ मिनिटं. पहिली १० सेकंद उलटसुलट, मग दर मिनिटाला १० सेकंद. फिक्सर आणि धुण्याचं पाणीही त्याच तापमानाच्या आसपास हवं. सकाळच्या गार टाकीचं पाणी एकदम ओतू नका.

फिल्म आणि कॅमेरा उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. एसी लावून गेलात तर उतरल्या-उतरल्या बॅग उघडू नका. दमट हवेत गार काचेवर दव धरतं. बॅग बंदच ठेवून वीस-तीस मिनिटं बाहेरच्या हवेत राहू द्या.

---

पापाची_तिकटी_८५मिमी

हिरवट झाक येते कारण लॅब ब्लॅक अँड व्हाइटसुद्धा रंगीत कागदावर, रंगीत रसायनात काढते. फाइल एसआरजीबी या रंगपद्धतीत, ३०० पीपीआय (इंचाला ३०० पिक्सेल) द्या. १२ × १८ ला ३६०० × ५४०० पिक्सेल लागतात, तुमच्या २४ मेगापिक्सेलमध्ये ते आरामात बसतं. लॅबवाल्याला ‘ऑटो करेक्शन बंद ठेवा’ हे तोंडी सांगा आणि पाकिटावरही लिहा. आधी ४ × ६ ची एक चाचणी प्रिंट काढा. तिच्यात विमानाचा राखाडी, पांढरा आणि चाकाखालची सावली, तिन्ही यायला हवेत. ती दिवसाच्या उजेडात, दारात उभं राहून बघा, दुकानाच्या ट्यूबखाली नको. तरीही झाक दिसली तर पिगमेंट शाईच्या इंकजेटवर, मॅट कागदावर काढून घ्या. खर्च जास्त येतो, पण राखाडी राखाडीच राहतो.