'लवचीक मागणी' की 'सरकती मागणी'?

प्रश्न (जळगाव): इमारतींच्या वीजधोरणावर मराठीत टिपण लिहितो आहे. विजेचा जो वापर दिवसातल्या दुसऱ्या वेळी नेता येतो, त्याला 'लवचीक मागणी' म्हटलेलं वाचलं. पण बारावीच्या अर्थशास्त्रात 'मागणीची लवचिकता' म्हणजे किंमत बदलली की मागणी किती बदलते ते. घोटाळा होणार नाही का?

उत्तर (भुसावळ): होणारच. इथे युनिटं जवळपास तेवढीच राहतात, फक्त वेळ बदलते. पाण्याची मोटर संध्याकाळी सातऐवजी दुपारी एकला लावली, एवढंच. म्हणून मी 'सरकती मागणी' लिहितो. केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांत २०२३ साली जी दुरुस्ती झाली, तिच्यानुसार सौरतासांतला (म्हणजे दिवसा सौरवीज मिळते त्या तासांतला) दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी असायला हवा. दिवस मावळल्यावर सौरवीज थांबते आणि भार आमच्या दीपनगरसारख्या कोळशाच्या केंद्रांवर येतो.

'भारनियमन' हा शब्द मात्र इथे नको. रात्रीच्या लाइटीवर पाणी भरणाऱ्या शेतकऱ्याचीही वेळ सरकवलेलीच असते, पण त्याला न विचारता. सरकत्या मागणीत ग्राहकाची संमती हवी, दराचा फायदाही त्यालाच मिळायला हवा. धोरणाच्या मसुद्यात हे दोन शब्द एकमेकांच्या जागी येता कामा नयेत.

प्रश्न: मोटर समजलं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा एसी कसा सरकवायचा?

उत्तर (अमळनेर): घराने साथ दिली तरच. दुपारच्या स्वस्त विजेवर खोली गार करून ठेवायची. पण वरचा स्लॅब तापलेला असेल तर तो गारवा तासभरही टिकत नाही. जुन्या धाब्याच्या (मातीच्या सपाट छपराच्या) घरात मातीच्या जाड भिंतींतून ऊन उशिरा आणि कमी आत यायचं. २०१८ ची इको निवास संहिता (राहत्या इमारतींसाठीची केंद्राची ऊर्जा संहिता) हेच आकड्यात मांडते: भिंती-खिडक्यांतून आत शिरणारी उष्णता दर चौरस मीटरला सरासरी १५ वॅटच्या आत हवी. छताची अट वेगळी आहे, आणि आपल्याकडे मला तीच जास्त मोलाची वाटते.

शब्दांचा घोटाळा टाळायचा तर इमारतीबद्दल 'ऊर्जाक्षमता' न लिहिता 'ऊर्जा कामगिरी' लिहा. क्षमता म्हटलं की वाचकाला मेगावॅट आठवतात. इथे मोजायचं असतं ते इमारतीला वर्षाला दर चौरस मीटरमागे किती युनिटं लागली हे.

'निःकार्बनीकरण' (कार्बन उत्सर्जन कमी करत नेणं) हा शब्द कायद्याच्या मजकुरात ठीक आहे. ग्रामपंचायतीत वाचायच्या टिपणात 'कार्बन कपात' पुरे; 'कार्बनमुक्ती' लिहिलं तर उत्सर्जन शून्यावर आलं असाच अर्थ निघेल.