ईको दारात उभी राहिली की बॅटरी उतरते, आणि त्यात फ्रिजसाठी दुसरी बॅटरीही बसवायची आहे. काय करू?

सातारी_श्रीखंड
नमस्कार मंडळी. मारुतीची पाच सीटर ईको आहे, पेट्रोल-सीएनजी. आठवडाभर गाडी दारात उभी असते. शनिवार-रविवार पुण्यात सोसायट्यांमध्ये श्रीखंड, पनीर, खवा विकतो. तीन-चार दिवस गाडी हलली नाही की शनिवारी पहाटे सेल्फ मारल्यावर नुसतं टक-टक. मग शेजाऱ्याच्या गाडीवरून जंपर, नाहीतर धक्का. बॅटरी ३५ एएच (अँपिअर-अवर), वर्षाचीसुद्धा नाही. गाडी चालू असताना टर्मिनलवर मीटर १४.२ दाखवतो, म्हणजे चार्जिंग होतंय.

मेकॅनिक म्हणतो बॅटरी बदला. अॅक्सेसरीवाला म्हणतो तुम्हाला फ्रिज चालवायचाच आहे, तर मागे १५० एएचची ट्यूब्युलर (घरच्या इन्व्हर्टरला असते ती पाण्याची बॅटरी) आणि एक इन्व्हर्टर टाकून देतो, सगळे प्रश्न मिटतील. मला दोघांचंही पटेना. घरी मल्टिमीटर आहे, घरातली वायरिंगची किरकोळ कामं मी स्वतः करतो. दोन गोष्टी विचारायच्या आहेत: बॅटरी कोण खातंय ते कसं शोधायचं? आणि १२ व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर फ्रिज, एक पंखा, एलईडी पट्टी एवढ्यासाठी नेमकं काय बसवायचं?

घाटवाट
कट-ऑफ स्विच लावा निगेटिव्हला. गाडी लावली की फिरवला, विषय संपला. माझ्या जुन्या ओम्नीला तेच केलंय.

मिरजेचा_वायरमन
ओम्नीला ठीक होतं, तिच्यात इलेक्ट्रॉनिक्स होतंच किती. आणि भाऊ, कट-ऑफने करंट खाणारी गोष्ट सापडत नाही, फक्त झाकली जाते. उद्या तीच वायर गरम झाली तर? आधी शोधा. गळका नळ तसाच ठेवून मोठी टाकी बसवण्यात अर्थ नाही.

मीटरचा लाल प्रोब १० अँपिअरच्या भोकात घाला, डायल डीसी अँपिअरवर. बॅटरीचा निगेटिव्ह क्लॅम्प काढा, आणि मीटर क्लॅम्प व बॅटरीचा खांब यांच्या मध्ये जोडा, म्हणजे सगळा करंट मीटरमधून जाईल. किल्ली काढलेली, दारं बंद. एखादं दार उघडं ठेवावं लागलं तर त्याचा स्विच टेपने दाबून ठेवा, नाहीतर केबिनचा दिवाच मोजत बसाल. जोडल्या जोडल्या आकडा मोठा दिसेल, घाबरू नका. क्लॅम्प काढून परत जोडला की ईसीयू (गाडीचा कॉम्प्युटर) वगैरे जागे होतात. वीस-तीस मिनिटं जाऊ द्या, मग वाचा. ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर गाडी निर्दोष. त्याच्या वर असेल तर कोणीतरी जागं आहे.

मीटर असा जोडलेला असताना चुकूनही किल्ली फिरवून सेल्फ मारू नका. स्टार्टर शंभराच्या वर अँपिअर ओढतो. मीटरचा फ्यूज गेला तर नशीब, कारण पिवळ्या स्वस्त मीटरच्या १० अँपिअरच्या भोकाला बहुतेकदा फ्यूजच नसतो. आणि काम झालं की लाल प्रोब व्होल्टच्या भोकात परत. तो तसाच ठेवून कोणी बॅटरीच्या दोन्ही टोकांना लावला की थेट शॉर्ट होतो.

प्राजक्ता_ठाणे
वायरमन नानांचं बरोबर आहे, त्यात एक भर घालते. आकडा मोठा आला म्हणून लगेच एकेक फ्यूज उपटत सुटू नका. फ्यूज काढून परत लावला की झोपलेलं युनिट पुन्हा जागं होतं आणि परत अर्धा तास थांबावं लागतं. त्याऐवजी मीटर मिलिव्होल्टवर ठेवा आणि प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या ठिपक्यांवर प्रोब टेकवा. ज्या फ्यूजमधून करंट वाहतो त्याच्यावर थोडे का होईना मिलिव्होल्ट दिसतात, बाकीच्यांवर शून्य. सर्किट सापडलं की मगच तो एक फ्यूज काढून खात्री करा.

कंपनीच्या फ्यूज बॉक्सात काहीच सापडलं नाही, तर बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून थेट निघालेल्या बाहेरच्या वायरी बघा. जीपीएस ट्रॅकर, डॅशकॅमचा पार्किंग मोड, एखादा चिकटलेला रिले. ओबीडी सॉकेटमध्ये (मेकॅनिक तपासणीचं यंत्र लावतो ते) ब्लूटूथ स्कॅनर विसरलात का तेही बघा. त्या सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनला किल्ली काढल्यावरही १२ व्होल्ट असतात. यातलं काहीच नसेल तर ऑल्टरनेटरचा डायोड. त्यासाठी आधी बॅटरीचा निगेटिव्ह क्लॅम्प काढायचा, मग ऑल्टरनेटरची जाड वायर काढायची, टोक टेपने गुंडाळायचं आणि पुन्हा मोजायचं.

म्युझिक सिस्टिम बाहेरून बसवली आहे का?

सातारी_श्रीखंड
हो ताई, अँड्रॉइड स्क्रीन, रिव्हर्स कॅमेऱ्यासकट. मोजून सांगतो.

घाटवाट
मीटर नसलेल्यांसाठी: निगेटिव्ह काढून मध्ये टेस्ट लॅम्प लावायचा. भकाभक पेटला तर लिकेज.

मिरजेचा_वायरमन
मोठा लिकेज असेल तरच. लिकेज थोडा असेल तर दिवा नुसता लालसर होतो किंवा दिसतही नाही. मीटर दोन-चारशे रुपयांत मिळतो की राव.

सातारी_श्रीखंड
मोजलं. अर्ध्या तासानंतरही ०.३८ अँपिअरवर स्थिर. मिलिव्होल्टवाली युक्ती केली, रेडिओच्या फ्यूजवर आकडा दिसला. तो काढला तर थेट ०.०३, म्हणजे ३० मिलिअँपिअर. पण किल्ली काढल्यावर स्क्रीन तर काळी असते! मग खातंय कोण?

प्राजक्ता_ठाणे
स्क्रीन काळी म्हणजे युनिट बंद, असं नाही. स्टिरिओच्या मागून पिवळी, लाल आणि काळी वायर येते. काळी अर्थ. पिवळी कायम १२ व्होल्ट, युनिटचा मुख्य करंट तिच्यातूनच येतो, पण युनिट झोपलं की फक्त मेमरीपुरता, अगदी थोडा जातो. लाल वायर एसीसीची (किल्लीची अॅक्सेसरीची पायरी), किल्ली फिरवल्यावरच तिच्यावर १२ यायला हवेत. ती गेली की युनिटला झोपायचं कळतं. घाईत बसवणारे लाल-पिवळी एकत्र पिळून कायमच्या लाइनला जोडतात. बटणाने स्क्रीन विझते, आतला प्रोसेसर मात्र चालू. स्क्रीन बाहेर ओढून बघा, तेच निघेल.

०.३८ अँपिअर म्हणजे दिवसाला ९ एएच. ३५ची बॅटरी तिसऱ्या-चौथ्या दिवशी आडवी, तुम्ही सांगताय त्याच्याशी हिशेब जुळतो.

सातारी_श्रीखंड
तंतोतंत तेच! लाल-पिवळी पिळलेल्या, वर साधी टेप, आणि टेपचा डिंक उन्हाने वितळून सगळीकडे. लाल वेगळी केली. सिगारेट लायटरच्या फ्यूजवर किल्ली बंद असताना शून्य आणि एसीसीला १२ येतात हे मीटरने बघून तिथून फ्यूज टॅपने (फ्यूजच्या जागी बसून जादा वायर काढून देणारा जोड) घेतली, ५ अँपिअरचा फ्यूज घालून. आता उभ्या गाडीत ०.०३. कॅमेराही चालतो.

मिरजेचा_वायरमन
झकास. आता बॅटरी बाहेरच्या चार्जरवर पूर्ण भरून घे, रात्रभर तशीच ठेव आणि सकाळी मोज. १२.६ च्या आसपास असेल तर चांगली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. पूर्ण भरूनही रात्रीत १२.२ वर आली तर इतक्या वेळा रिकामी होऊन ती दमली आहे. दुकानात लोड टेस्ट करून घे. नव्या बॅटरीचे पैसे त्यानंतर.

सातारी_श्रीखंड
सकाळी १२.६१. नाना, नवीन बॅटरीचा खर्च वाचला. आता फ्रिजचं बोला.

प्राजक्ता_ठाणे
आधी बेरीज. फ्रिज ४५ वॉटचा असेल, पण कॉम्प्रेसर सतत चालत नाही. निम्मा वेळ धरला तर आठ तासांत १८० वॉट-अवर. पंखा १५ वॉट, आठ तास, १२०. एलईडी पट्टी २० वॉट, संध्याकाळचे चार तास, ८०. फोन, वजनकाटा मिळून २०. झाले ४००. १२.८ व्होल्टची ५० एएच लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ६४० वॉट-अवरची असते. तिच्यातले ८० टक्के वापरले तरी ५१२. तुम्हाला पुरे. मे महिन्याच्या उन्हात फ्रिज जास्त चालेल, तेव्हा पंखा थोडा कमी लावा.

ट्यूब्युलर अजिबात नको. ५० किलोच्या वर वजन, चार्ज होताना हायड्रोजन सोडते, आणि तुमच्या मागच्या बाजूला सीएनजीचा सिलिंडर. बंद गाडीत हे दोन एकत्र मला तरी झोप लागू देणार नाहीत. इन्व्हर्टरचीही गरज नाही. फ्रिज, पंखा, पट्टी सगळं १२ व्होल्टवर चालतंय, मग १२चे २३० करून परत १२ कशाला? मधल्या मध्ये वीज वाया.

घाटवाट
दोन्ही बॅटऱ्या एका रिलेने जोडल्या तर? गाडी चालू झाली की रिले लागतो, बंद झाली की सुटतो. स्वस्तात काम.

प्राजक्ता_ठाणे
दोन्ही लेड-अॅसिड असत्या तर चाललं असतं. रिकामी लिथियम मिळेल तेवढा करंट ओढते आणि ऑल्टरनेटर तापतो. म्हणून मध्ये २० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर, तो गाडीकडून ठरावीक करंटच घेऊन दुसरी बॅटरी भरतो. ४०चा घेऊ नका, या छोट्या ऑल्टरनेटरवर हेडलाइट, ब्लोअर यांचाही भार असतो. सातारा ते पुणे साधारण ११० किलोमीटर, खंबाटकी घाट धरून दोन-अडीच तास. तेवढ्यात ४० एएच सहज भरतात.

सेटिंगमध्ये बॅटरीचा प्रकार लिथियम निवडा, बूस्ट (भरतानाचं व्होल्टेज) १४.४, फ्लोट (भरल्यावर टिकवण्याचं) १३.५. 'इक्वलाइझ' असा पर्याय असेल तर बंदच, ते पाण्याच्या बॅटरीसाठी. चार्जरची ट्रिगर वायर इग्निशनला द्या, म्हणजे गाडी उभी असताना तो तुमची मुख्य बॅटरी उपसणार नाही. आणि लिथियम किती उरली ते व्होल्टेजवरून ओळखू नका. बराच वेळ ती १३.२च्या आसपास बसते आणि शेवटी धाडकन पडते. शंटवाला मॉनिटर लावा, तो आत-बाहेर गेलेला करंट मोजून उरलेलं सांगतो.

मिरजेचा_वायरमन
वायर मात्र घरातली वापरू नका. गाडीत धक्के बसतात, बारीक तारांची ऑटोची लवचीक वायर घ्या. फ्रिजला ५ मीटर लांब अडीचची (अडीच स्क्वेअर एमएम) वायर टाकली आणि १० अँपिअर गेले, तर जाऊन-येऊन ०.७ व्होल्ट वायरीतच जातात. मग बॅटरी चांगली असूनही फ्रिज 'लो व्होल्टेज' दाखवून बंद पडतो आणि आपण बॅटरीला शिव्या देतो. सहाची टाका. मुख्य बॅटरीकडून चार्जरला दहाची.

फ्यूज दोन्ही बॅटऱ्यांच्या अगदी जवळ, वीतभर अंतरात. दोन्ही टोकांना हवा, कारण वायर मध्ये कुठे घासली तर दोन्हीकडून करंट येणार. पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट. सिलिंडरच्या आणि गॅसच्या पाइपच्या जवळून वायर न्यायचीच नाही, आणि मागे ड्रिल मारण्याआधी खाली काय आहे ते झोपून बघायचं. अर्थसाठी रंग खरवडून चकचकीत पत्रा काढ, दातेरी वॉशर घाल.

सातारी_श्रीखंड
आरटीओचं काय? मोटार वाहन कायद्यात फेरफार चालत नाही म्हणतात.

प्राजक्ता_ठाणे
कलम ५२. आरसीवरचा तपशील मूळ गाडीशी जुळेनासा होईल असा फेरफार चालत नाही. सीटा काढून कायमचं कपाट ठोकलंत तर प्रश्न येईल. म्हणून हे सगळं एका पेटीत करा: बॅटरी, चार्जर, मॉनिटर, फ्यूज. पेटी पट्ट्याने घट्ट बांधायची आणि गाडीच्या वायरीला अँडरसन प्लगने (जास्त करंटचा, हाताने ओढून सुटणारा) जोडायची. घरी आलात की प्लग काढून पेटी घरात न्या आणि १४.६ व्होल्टच्या लिथियम चार्जरवर लावा. गाडीची वॉरंटी चालू असेल किंवा विम्याबद्दल शंका असेल तर मुख्य बॅटरीकडची वायर टाकण्याआधी विचारून घ्या.

आणि फ्रिज शुक्रवारी रात्री घरच्या विजेवर थंड करून ठेवा, मालही थंडच भरा. कोमट पनीर गार करण्यात बॅटरीचा निम्मा जीव जातो.

सातारी_श्रीखंड
पेटीची कल्पना एकदम पटली. शेवटचं एक, लग (वायरच्या टोकाला बसणारी धातूची कडी) सोल्डर करू की क्रिंप, म्हणजे दाबून बसवू?

मिरजेचा_वायरमन
क्रिंप. सोल्डरपाशी वायर ताठ होते आणि धक्क्यांनी बरोबर तिथेच तुटते. दहाच्या लगला हायड्रॉलिक क्रिंपर लागतो, पक्कड-हातोडीने ठोकू नको. पंप बसवणाऱ्याकडे किंवा पॅनलवाल्याकडे असतो, शंभर रुपयांत चार लग दाबून देईल. वर हीट-श्रिंक स्लीव्ह, टर्मिनलवर पेट्रोलियम जेली. जोडताना पॉझिटिव्ह आधी, निगेटिव्ह शेवटी, काढताना उलट.